टायगर मॉथचं जुनं १:७२ किट: तारांबद्दलचं मत बदललं

जुलैत कपाटाची काच सरकवली तर टायगर मॉथ या जुन्या प्रशिक्षण विमानाच्या प्लास्टिक मॉडेलच्या (१:७२, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढं) पंखांमधल्या सगळ्या तारा सैल पडलेल्या. उन्हाळ्यात मी मित्रांना छातीठोकपणे सांगत होतो, की बायप्लेनच्या, म्हणजे एकावर एक दोन पंख असलेल्या विमानाच्या, तारांसाठी शिवणसामानाच्या दुकानातला पारदर्शक नायलॉन दोरा वापरा, एक रीळ जन्मभर पुरेल. ते मत मागे घेतोय. नायलॉन हवेतला ओलावा शोषतो आणि लांबतो. आमच्या डोंबिवलीच्या पावसाळ्यात तो ताठ राहणं अशक्य.

किट सत्तरच्या दशकातलं, सेकंडहँड. विकणाऱ्याने 'पूर्ण' म्हणून पाठवलं आणि दोन पंखांमधली एक दांडी गायब. फोटो पाठवून विचारलं, तर उत्तर आलं की जुना माल आहे, परत घेत नाही. पोस्टेज धरून नव्या किटपेक्षा महाग पडलं होतं, त्यामुळे राग अजून उतरलेला नाही. दांडी शेवटी स्प्रूचा (किटचे भाग ज्या प्लास्टिकच्या फ्रेमला जोडलेले येतात तिचा) तुकडा चपटा घासून बनवली. डिकल (पाण्यात भिजवून मॉडेलवर सरकवायची चिन्हांची चित्रं) पिवळी पडली होती, ती प्लास्टिकच्या पिशवीत घालून खिडकीच्या काचेला उन्हात लावून ठेवली, बरीच उजळली. पण पाण्यात सोडण्याआधी वरून ग्लॉस क्लिअरचा (चकचकीत पारदर्शक लेपाचा) एक हात द्याच, नाहीतर इतक्या जुन्या डिकलचे पाण्यात तुकडे होतात. ट्रेनरचा पिवळा रंग राखाडी प्लास्टिकवर नीट चढत नाही, आधी पांढरा प्रायमर हवा.

आता तारा. माझ्या मते या मॉडेलचं सगळं रूप तारांवर आहे. १९३१ साली पहिल्यांदा उडालेल्या या विमानात पुढच्या कॉकपिटमधल्या माणसाला पॅराशूटसह बाहेर पडता यावं म्हणून वरच्या पंखाचा मधला भाग पुढे सरकवला आणि पंख मागे झुकवले. त्यामुळे दांड्या तिरप्या आणि तारांचे कोनही तिरपे. उडताना धडाच्या खालच्या बाजूकडून वरच्या पंखाकडे बाहेर जाणाऱ्या तारा ताण घेतात. जमिनीवर उभं असताना वरून खालच्या पंखाकडे येणाऱ्या तारा पंखांचं वजन धरतात. हे एकदा कळलं की सैल तार डोळ्यांत खुपते.

जाडीही सांभाळावी लागते. खऱ्या विमानावरची ७ मिलिमीटरची वस्तू या मापात जेमतेम ०.१ मिलिमीटर होते. परदेशी लायक्रा (ताणला जाणारा) दोरा मागवायचा विचार केला होता, किंमत बघून सोडून दिला. मग किटच्याच फ्रेमची काडी घेतली. मेणबत्तीच्या ज्योतीच्या वर धरून सतत फिरवायची, मऊ होऊन चमकायला लागली की ज्योतीपासून बाजूला घेऊन दोन्ही हातांनी सरळ ओढायची आणि थंड होईपर्यंत ताण सोडायचा नाही. ज्योतीवरच ओढलीत तर तुटते. केसासारखी तार निघते, तीही राखाडी, त्यामुळे वेगळा रंग लागत नाही. डिव्हायडरने अंतर घेऊन कापायची आणि दोन्ही टोकांना फेव्हिकॉलचा टिपका. इन्स्टंट ग्लू नको, त्याच्या वाफेने कॉकपिटसमोरची काच धुरकटते.

आणि तार जराशी सैल राहिलीच, तर पेटती अगरबत्ती काही मिलिमीटरवरून तिच्या कडेने न्यायची. तार डोळ्यांदेखत आक्रसून ताठ होते! पहिल्यांदा हे घडताना पाहिलं तेव्हा मी बायकोला हाक मारून दाखवलं. अगरबत्ती जास्त जवळ गेली तर मात्र तार वितळून दोन तुकडे.

नायलॉन काढून सगळ्या तारा अशा बदलल्या. उरलेला पावसाळा गेला, गणपती गेले, एकही तार झोल खाऊन नाही. धूळ झटकताना ब्रश अडकला की तुटते हा दोष आहेच, पण नवी लावायला पैसा लागत नाही. म्हणून भाग कापून झाल्यावर फ्रेम कचऱ्यात टाकू नका.

जुनं किट घेणार असाल तर पैसे देण्याआधी खोक्याचा नाही, आतल्या भागांचा फोटो मागा आणि पंखांमधल्या चारही दांड्या मोजून घ्या.