माझा आवाज ऐकून लोकांनी पैसे भरले

घोडबंदर रोडला घरगुती फराळ आणि मसाल्यांचं दुकान काढतोय असं सांगून एका माणसाने आमच्याकडून जाहिरातीचा व्हिडिओ करून घेतला आणि आमचे पैसे बुडवले. एवढंच असतं तर मी लिहायला बसले नसते. व्हिडिओचं काम करणाऱ्या कुणालाही विचारा, बुडालेल्या पैशांची एक तरी हकिगत त्याच्याकडे असतेच. पण तोच व्हिडिओ दाखवून त्याने पुढे ठाण्यातल्या आणि नवी मुंबईतल्या लोकांकडून फ्रँचायझीच्या नावाने रकमा गोळा केल्या. त्या व्हिडिओतला आवाज माझा आहे. त्यामुळे जे घडलं ते सगळं सांगणं मला भाग आहे.

आम्ही दोघं मिळून काम करतो. कॅमेरा आणि लाइट्स माझा सहकारी बघतो. स्क्रिप्ट, एडिटिंग आणि बहुतेक वेळा व्हॉइसओव्हर माझ्याकडे. आमचे क्लायंट छोटे असतात: नौपाड्यातलं साड्यांचं दुकान, पाचपाखाडीतला दातांचा दवाखाना, दहावीचे क्लासेस. या कामात कोटेशन व्हॉट्सॲपवर जातं, होकार फोनवर येतो आणि ॲडव्हान्स जमा झाला की शूटची तारीख ठरते. लेखी करार म्हटलं की दुकानदार बिचकतात. सगळ्या शहरात हे काम असंच चालतं.

हा माणूस एका जुन्या क्लायंटचं नाव सांगत आला. पन्नाशीचा, नीटनेटका, बोलणं अदबीचं, मला पहिल्यापासून ‘ताई’. राम मारुती रोडला गाळ्याचं भाडं काय चाललंय, एपीएमसीत सुक्या खोबऱ्याचा भाव काय, सगळं तोंडपाठ. मानपाड्याच्या बाजूला त्याने गाळा दाखवला. आत रंगकाम चालू होतं, बोर्ड कागदाने झाकलेला. आम्ही ६० हजार सांगितले, त्याने एक रुपया कमी करायला लावला नाही. १५ हजार लगेच यूपीआयने पाठवले, बाकी फाइल मिळाल्यावर. आता मागे वळून बघताना हे मला सगळ्यात बोलकं वाटतं. आपल्याकडे पैसे देणारा दुकानदार घासाघीस करतोच, कारण ते पैसे त्याच्या गल्ल्यातून जाणार असतात.

शूट ठेवलं होतं कळव्यात. तिथे एका महिला बचत गटाचं स्वयंपाकघर आहे. त्या दिवसाबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण फसवणुकीची सगळी जुळणी तिथेच झाली. दिवाळीची घाई होती. भाजणीचा वास जिन्यापर्यंत येत होता, एकीच्या हातात सोऱ्या, दुसरी खसखशीवर अनारसे थापतेय, तिसरी शेव पाडतेय. वाफेने लेन्सवर धुकं धरायचं, सहकारी पुसून पुन्हा लावायचा. बायकांनी आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. त्याने येताना रिकाम्या खोक्यांची चळत आणि स्वतःच्या ब्रँडचे स्टिकर आणले होते. बरण्यांवर, खोक्यांवर ते स्वतः चिकटवले आणि आम्हाला म्हणाला, “किचन मोठं दिसलं पाहिजे, फॅक्टरीचा फील आला पाहिजे.”

आम्हाला त्याने सांगितलं होतं की हे त्याचं उत्पादन केंद्र. बायकांना सांगितलं होतं की तुमचा माल माझ्या दुकानात लागणार आहे, त्याचीच ही जाहिरात. दिवसभर तो आमच्यात आणि त्यांच्यात उभा राहिला. कुणी कुणाशी दोन वाक्यं बोलायला लागलं की हा हजर. तेव्हा ते आदरातिथ्य वाटलं. जाताना ‘सॅम्पल’ म्हणून फराळाचे डबे गाडीत भरून घेतले, त्याचेही पैसे गटाला आजवर मिळालेले नाहीत.

गटातल्या एका काकूंची बाइट, म्हणजे कॅमेऱ्यासमोर छोटं बोलणं, घेतलं. त्या कॅमेऱ्याकडे बघून म्हणाल्या की या कामामुळे मुलीची कॉलेजची फी वेळेवर भरता आली, कुणापुढे हात पसरावा लागला नाही. शब्द न् शब्द खरा. गटाच्या कित्येक वर्षांच्या कष्टाबद्दल त्या बोलत होत्या. एडिट करताना मी तिथे संगीत काढून टाकलं, नुसता त्यांचा आवाज आणि मागे कढईची चुरचुर ठेवली. मी केलेल्या कामातला तो मला सगळ्यात आवडलेला तुकडा होता.

वॉटरमार्क टाकलेली कॉपी पाठवली, त्याने पास केली. शनिवारी संध्याकाळी त्याचा फोन आला: दिवाळी पहाटेला तलावपाळीला स्क्रीनवर लावायचंय, स्क्रीनवाल्याला आजच क्लीन फाइल हवी, पैसे एनईएफटी केलेत. पाठोपाठ स्क्रीनशॉट. बँकेचा लोगो, ४५ हजार, तारीख, वेळ, खाली एक क्रमांक. “शनिवार-रविवार आहे ना ताई, सोमवारी दिसतील.” फाइल गेली. सोमवारी पैसे दिसले नाहीत, मंगळवारीही नाहीत.

पुढे बँकेत जे कळलं ते प्रत्येकाने लक्षात ठेवावं. १६ डिसेंबर २०१९ पासून एनईएफटी चोवीस तास, वर्षाचे सगळे दिवस चालू असते, सुट्टीच्या दिवशीसुद्धा. दर अर्ध्या तासाला बॅच सुटते, आणि बॅच सुटल्यापासून दोन तासांत रक्कम खात्यात जमा व्हावी, नाहीतर परत जावी, असा नियम आहे. तेव्हा ‘सुट्टीमुळे अडकलंय’ हे कारण आता उरलेलंच नाही. दुसरं म्हणजे, एनईएफटीचा यूटीआर, म्हणजे व्यवहाराचा क्रमांक, १६ अक्षरांचा असतो. आमच्या स्क्रीनशॉटवर १२ आकडे होते, तसा क्रमांक यूपीआय किंवा आयएमपीएसला येतो. चित्र कुठल्या तरी ॲपवर बनवलेलं होतं. स्क्रीनशॉट कितीही खरा दिसला तरी पैसे आले की नाही ते फक्त स्वतःच्या खात्याच्या स्टेटमेंटमध्ये बघायचं.

त्याने फोन उचलणं बंद केलं नाही, हे त्याचं आणखी एक कसब. प्रत्येक वेळी माफी मागायचा, बँकेला शिव्या द्यायचा. शेवटी चेक दिला. तोही खात्यात शिल्लक नाही म्हणून परत आला. चेकच्या बाबतीत मुदती कडक आहेत. परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ खाली, चेक परत आल्याचं बँकेने कळवल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते. ती मिळाल्यावर समोरच्याला १५ दिवस असतात, आणि त्यात त्याने पैसे दिले नाहीत तर पुढच्या महिन्याभरात कोर्टात तक्रार दाखल करायची. ‘बघू, देईल’ म्हणत हे दिवस घालवले की हातातलं शस्त्र गेलं, आणि गोड बोलणारा माणूस नेमका त्यासाठीच गोड बोलत असतो. आमची नोटीस वेळेत गेली, तक्रार ठाणे कोर्टात दाखल आहे.

इथपर्यंत हे आमचं दुखणं होतं. मग एक दिवस नेरूळहून आत्याचा फोन आला. “अगं, तुझा आवाज असलेली जाहिरात आलीय फेसबुकवर. फराळाची फ्रँचायझी. चांगली आहे ना? मी आणि शेजारच्या वहिनी घ्यायचं म्हणतोय. त्यांनी तर बुकिंगचे भरलेसुद्धा. मी म्हटलं, आमच्या पोरीने केलंय म्हणजे नीट चौकशी करूनच केलं असणार.”

लिंक उघडली. आमचाच व्हिडिओ, पण मधेमधे मजकुराच्या नव्या पट्ट्या घातलेल्या. काकूंच्या बाइटखाली लिहिलं होतं: ‘आमच्या फ्रँचायझी भगिनी’. खाली हमी होती की आम्ही कच्चा माल देऊ, तुम्ही घरी पॅकिंग करा, सगळा माल आम्हीच परत विकत घेऊ, महिन्याला ठरलेलं उत्पन्न. एका युनिटला दीड लाख, बुकिंग २५ हजार. शेवटी माझा आवाज: ‘घरच्या चवीचा, घरच्या माणसांचा’. ही ओळ मी लिहिली होती, त्या बायकांकडे बघून.

तेव्हा कळलं की त्याला दुकान चालवायचंच नव्हतं. त्याला हवा होता तो व्हिडिओ. गाळा रंगकामापुरता घेतलेला, बचत गट एका दिवसापुरता, आम्हीही तेवढ्यापुरते. खऱ्या बायका, खरे अनारसे, खरे अश्रू, या सगळ्याला त्याने फक्त एक खोटी पट्टी जोडली. बनावट माणसं उभी करून केलेली जाहिरात लोक ओळखतात. इथे प्रत्येक चेहरा खरा होता, म्हणून माणसं फसली. याचा मला अजून त्रास होतो. पैशांपेक्षा कितीतरी जास्त.

आत्याचे पैसे वाचले. शेजारच्या वहिनींचे गेले, आणि त्यांच्यासारख्या ऐरोलीच्या, खारघरच्या, वर्तकनगरच्या बायकांचेही. बहुतेकींनी दिवाळीच्या भेटीतले, भिशीतले पैसे भरले होते.

अशी जाहिरात दिसली तर पैसे भरण्याआधी काय तपासता येतं, ते मी आता शिकले आहे. खाद्यपदार्थाच्या पाकिटावर एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, १४ आकडी क्रमांक असतो. त्यांच्याच फॉसकॉस पोर्टलवर तो टाकला की नोंदणी कुणाच्या नावाने आणि कुठल्या पत्त्यावर आहे ते दिसतं, आणि त्याला पैसे लागत नाहीत. याच्या स्टिकरवर छापलेला क्रमांक कळव्याच्या बचत गटाचा निघाला. भिंतीवर लावलेल्या प्रमाणपत्रावरून त्याने तो उतरवून घेतला होता. जीएसटी क्रमांक १५ अक्षरांचा असतो, महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो, तोही जीएसटीच्या पोर्टलवर तपासता येतो. ‘प्रायव्हेट लिमिटेड’ लिहिलं असेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या साइटवर कंपनीचं नाव शोधा. आणि व्हिडिओत जी जागा दिसते तिथे स्वतः जा. याने दाखवलेल्या किचनमध्ये कुणी गेलं असतं तर तिथल्या पहिल्याच बाईने सांगितलं असतं की हे किचन आमच्या गटाचं आहे, त्याचं नाही.

आता माझ्या धंद्यातल्या लोकांसाठी. व्हिडिओ बंद करायला आम्ही वकिलांकडे गेलो तेव्हा एक गोष्ट समजली जी कुठल्याच कोर्समध्ये शिकवलेली आठवत नाही. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १७ प्रमाणे, पैसे घेऊन कुणाच्या सांगण्यावरून चित्रपट केला (आणि आपला व्हिडिओ कायद्याच्या भाषेत चित्रपटच), तर वेगळं काही ठरलेलं नसेल तेव्हा पहिला मालक तो करवून घेणारा. ‘मी केलं, म्हणजे माझं’ हे आपण गृहीत धरतो, आणि कायदा नेमकं उलटं धरतो. वेगळं ठरवायला मात्र त्याच कायद्याची मुभा आहे. तेव्हा कोटेशनमध्येच लिहा: पूर्ण रक्कम जमा होईपर्यंत सर्व हक्क आमच्याकडे राहतील, व्हिडिओत दिसणाऱ्या माणसांचं बोलणं दुसऱ्या कशासाठीही वापरता येणार नाही, आणि आमच्या लेखी परवानगीशिवाय त्यात बदल करता येणार नाही. व्हॉट्सॲपवर ‘मान्य’ एवढं उत्तर आलं तरी ते काहीच नसण्यापेक्षा कितीतरी बरं. आम्ही आता हे प्रत्येक क्लायंटला पाठवतो. एकाही खऱ्या दुकानदाराने अजून नाक मुरडलेलं नाही.

उद्यम नोंदणीही, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, करून ठेवा, काम हातात घेण्याआधी. ती मोफत आहे. सूक्ष्म-लघु उद्योगांच्या २००६ च्या कायद्यात पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत देणं बंधनकारक आहे, त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं, आणि सरकारी पोर्टलवर ऑनलाइन तक्रार करता येते. पळून जाणाऱ्या भामट्यावर त्याचा फारसा उपयोग नाही, पण महिनोन्‌महिने टोलवणाऱ्या चालू दुकानदारावर नक्की होतो.

आणि मूळ फुटेज पुसू नका. हार्ड डिस्क भरली म्हणून आपण जुन्या शूटचं रॉ फुटेज उडवतो. आमचं शाबूत होतं. काकू मूळ काय आणि कशाबद्दल बोलल्या, पुढचा-मागचा प्रश्न काय होता, तारीख-वेळ, सगळं त्यात आहे. कोर्टात असा पुरावा देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं, ते कसं करायचं हे वकिलांना विचारा.

पोलीस ठाण्यात आम्ही दोघं गेलो होतो तेव्हा ‘हा पैशांचा व्यवहार आहे, दिवाणीत जा’ असं ऐकायला मिळालं. नंतर बचत गटाच्या बायका, बुकिंग भरलेल्या वहिनी आणि आम्ही असे एकत्र गेलो, सगळ्यांचे कागद एका फाइलमध्ये लावून. एकच माणूस, एकच व्हिडिओ आणि प्रत्येकाला सांगितलेली वेगळी गोष्ट हे समोर मांडल्यावर अर्ज घेतला गेला, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली, म्हणजे फसवणुकीच्या कलमाखाली, चौकशी सुरू झाली. रॉ फुटेजची प्रत आम्ही तिथे दिली आहे.

जाहिरात अजून नावं बदलून फिरते आहे. ज्यांनी पैसे भरले आहेत त्यांनी जाहिरातीचं स्क्रीन रेकॉर्डिंग, लिंक, पावती आणि व्यवहाराचा क्रमांक आधी जपून ठेवावा, मग त्याला जाब विचारावा, कारण जाब विचारला की तो पान उडवतो. पैसे नुकतेच ऑनलाइन पाठवले असतील तर वेळ न घालवता १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा. रक्कम पुढे काढली गेलेली नसेल तर ती गोठवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच असते. आणि ज्यांनी अजून भरलेले नाहीत त्यांच्यासाठी व्हिडिओतल्या काकूंनी मला निरोप द्यायला सांगितला आहे: आमच्या गटाची कुठलीही फ्रँचायझी नाही, कधी नव्हती, आणि फराळ हवा असेल तर कळव्याला आमच्याकडे येऊन, चव बघून, रोख देऊन घेऊन जावा.