रेकॉर्डवर ठेवायचं वजन आणि क्लॅम्प: तीन घेतले, वापरतो एकच

आधीच सांगतो, मी काही मोठा ऑडिओवाला नाही. नाशिकच्या अंबडला नोकरी, घरी ऑडिओ टेक्निकाचं एलपी १२० एक्स टर्नटेबल, आणि काकांकडून आलेल्या शंभर-सव्वाशे एलपी, बस. पण रेकॉर्डच्या मधोमध पेपरवेटसारखं जे ठेवतात ना, त्यावर गेल्या वर्षभरात तीनदा पैसे घातलेत, तर निदान रिव्ह्यू तरी लिहू म्हणलं, पुढच्याचे वाचतील.

हे खूळ काकांच्या रेकॉर्डमुळे लागलं. पंचवटीतल्या जुन्या वाड्यात माळ्यावर, पत्र्याखाली, वर्षानुवर्षं तिरक्या टेकवून ठेवलेल्या. नाशिक थंड, नाशिकची हवा छान असं सगळे म्हणतात पण एप्रिल-मेमधे पारा चाळिशीला टेकतो आणि पत्र्याखालचा माळा म्हणजे भट्टीच, तिथे पीव्हीसीची तबकडी काय टिकणार. निम्म्या रेकॉर्ड बशीसारख्या झाल्यात, काहींच्या कडा लाटेसारख्या. लावल्या की टोनआर्म, म्हणजे सुईचा दांडा, वरखाली, आणि मागचा तानपुरा असा हेलकावे खातो की ऐकणाऱ्याला गरगरावं. काका म्हणाले, "अरे वजन ठेव, आम्ही चाराण्याचं नाणं ठेवायचो." म्हणलं काका ते तुम्ही सुईच्या डोक्यावर ठेवायचात, म्हणूनच तर खाचा घासल्यात. तर म्हणे, "वाजत होतं ना पण!" आता काय बोलणार.

पहिलं घेतलं ते ऑनलाइन. दुकानाचं नाव घेत नाही, पण काळं, जड, डोक्यावर पाण्याचा बुडबुडा असलेली लेव्हल आणि भोवती स्पीड बघायच्या रेघा. अठराशे रुपये. बुडबुडा खोटा निघाला. तपासायची पद्धत सोपी आहे, वजन जागच्या जागी अर्धा फेरा फिरवायचं, लेव्हल खरी असेल तर बुडबुडा फिरवल्यावरही खोलीच्या त्याच बाजूला राहतो, माझा बुडबुडा वजनासोबत फिरून दुसऱ्या बाजूला गेला. म्हणजे टेबल सरळ, लेव्हल वाकडी. आणि मी येडा दोन दिवस टेबलाखाली पुठ्ठे घालत बसलेलो.

रेघांची गंमत तर अजूनच. स्पीड बरोबर असेल तर दिव्याखाली या रेघा जागीच उभ्या दिसायला पाहिजेत. ३३ ला, म्हणजे मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांवर, लावलं तर रेघा हळूहळू सरकतायत, मला वाटलं मशीन गेलं. पण प्लॅटरच्या, म्हणजे रेकॉर्डखालच्या फिरत्या थाळीच्या, कडेचे टर्नटेबलचे स्वतःचे ठिपके तर गप्प उभे. मग ट्यूब पेटली, शब्दशः. मी ज्या रेघा बघत होतो त्या ६० हर्ट्झच्या, म्हणजे अमेरिकेतल्या विजेच्या. आपल्याकडे ५० हर्ट्झ, दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो, त्यामुळे ३३⅓ साठी १८० रेघा लागतात आणि ६० हर्ट्झवाल्यांना २१६. आपल्यासाठीचं वर्तुळ त्याच्या आत बारीक अक्षरात होतं. आणि हे जुन्या चोकवाल्या ट्यूबलाइटखालीच नीट दिसतं, बऱ्याच एलईडी बल्बखाली काहीच कळत नाही. बाकी त्या वजनाचं भोक मधल्या दांडीला एवढं घट्ट की काढताना प्लॅटरच वर यायला लागला. कपाटात.

मग आपल्या नाशिककराच्या डोक्यात जे येणार ते आलं, पितळेचं करून घेऊ की. तांब्या-पितळेच्या गावात राहायचं, भांडी बाजारातून रोज जायचं आणि वजन बाहेरून मागवायचं, शोभत नाही. अंबडमधेच एक लेथवाले आहेत, आमच्या कंपनीचं जॉबवर्क करतात, त्यांच्याकडे गेलो, रॉडचा तुकडा पडलेला होता. पाऊणशे मिलिमीटर व्यास, दहा मिलिमीटर जाडी, पितळेच्या हिशेबाने साधारण पावणेचारशे ग्रॅम. पितळ एवढ्यासाठी पण बरं की चुंबकाला लागत नाही. कार्ट्रिजमधे, म्हणजे सुई बसते त्या डबीत, चुंबक असतो, रेकॉर्डच्या शेवटी सुई लेबलजवळ येते तेव्हा शेजारी लोखंडाचा गोळा नको.

त्यांना म्हणलं वजन ठेवलं की फ्लायव्हीलसारखं होतं, स्पीड स्थिर राहतो असं सगळीकडे लिहितात. ते हसले. "भाऊ, फ्लायव्हीलचं वजन कडेला असतं. मधे ठेवून काय उपयोग?" घरी येऊन हिशेब केला तर माणूस बरोबर. दीड किलोचा, तीस सेंटीमीटरचा प्लॅटर धरा आणि तीनशे ग्रॅमचं, आठ सेंटीमीटर रुंदीचं वजन धरा, तर फिरण्यातला जडपणा जेमतेम दीड टक्क्याने वाढतो. दीड! ज्याला खरंच फ्लायव्हील पाहिजे त्याने कडेवरची रिंग घ्यावी, सहाशे ग्रॅमची रिंग याच प्लॅटरवर ठेवली तर जडपणा ऐंशी टक्के वाढतो, आणि लाटेसारख्या कडा दाबायचं काम पण तीच करते, मधलं वजन तिथपर्यंत पोचतच नाही. पण मग मोटरला तेवढं ओढावं लागतं, आर्म आणि सुई त्या रिंगला धडकणार नाही हे बघावं लागतं, आणि किंमत विचारू नका. लक्समन आणि सोटा वाल्यांनी तर व्हॅक्यूमने रेकॉर्ड चिकटवणारी टर्नटेबलं काढली होती, ते आपल्या गल्लीतलं काम नाही.

पितळेचं वजन दिसायला मात्र राजा. कडेला नर्लिंग (पकडीसाठी खरखरीत नक्षी), वरती पॉलिश, साडेसहाशे रुपयांत. आणि पहिल्या दिवशी मला आवाज पण सुधारलेला वाटला, हो, बास घट्ट, तबला कसा समोर. बायकोला बोलावलं, ती म्हणाली काही फरक नाही. म्हणलं तुझे कान. तर म्हणे, "मग तू डोळे मीट, मी ठेवते-काढते, तू सांग." अहो, बारा वेळा केलं, सात बरोबर. नाणं उडवलं असतं तरी एवढेच आले असते. ते पण सपाट रेकॉर्डवर. त्यानंतर घरात बासबद्दल बोलणं मी बंद केलंय.

आणखी एक घोळ झाला. हौसेने हे वजन कॉलेज रोडच्या मित्राकडे नेलं, त्याचं हलकं बेल्टवालं मशीन, कंपनी सांगत नाही. वजन ठेवलं तर स्पीड धरायलाच वेळ लागायला लागला आणि खालून घरघर, काढलं की बंद. त्याच्या मशीनचं बेअरिंग एवढ्या ओझ्यासाठी बनवलेलंच नाही, चूक माझी. रेगा कंपनी सरळच म्हणते की आमच्या टर्नटेबलवर वजन किंवा क्लॅम्प वापरू नका. उलट मिशेल कंपनीच्या जायरोडेक टर्नटेबलला कंपनीच क्लॅम्प देते. लिन एलपी १२ सारखं मशीन स्प्रिंगवर तोललेलं असेल तर वरच्या जादा वजनाने ते खाली बसतं आणि तोल बिघडतो. म्हणजे तुमचं मशीन कुणी कसं बनवलंय त्यावर सगळं आहे, मॅन्युअल बघा, बाकी कुणाचं ऐकू नका, माझं पण नाही.

तिसरं म्हणजे साधा प्लास्टिकचा क्लॅम्प. दिसायला शाम्पूच्या बाटलीचं झाकण. साठ ग्रॅम पण नसेल. स्पिंडलवर, म्हणजे प्लॅटरच्या मधल्या दांडीवर घालायचा, दाबायचा, तो स्पिंडललाच घट्ट पकडून बसतो. यातली हुशारी मला उशिरा कळली: वजन रेकॉर्डला दाबतं पण त्याचा सगळा भार खाली बेअरिंगवर जातो, क्लॅम्प स्पिंडलला धरून रेकॉर्ड दाबतो, म्हणजे ओढाताण त्याची त्याच्यात, बेअरिंगला फक्त त्याचे साठ ग्रॅम. त्रास एवढाच की प्लॅटर थांबवूनच लावायचा आणि काढायचा, आणि जाड रबरी मॅट असेल तर स्पिंडल पुरेसा वर येत नाही, पकड ढिली पडते. मी मॅट बदलली.

बशीवाल्या रेकॉर्डवर मात्र खरं काम होतं, फक्त बाजू बघावी लागते. उपडी बशी, म्हणजे मधला भाग वर आणि कडा खाली, तिथे मधे दाबलं की रेकॉर्ड बसते. वजन पण चालतं, क्लॅम्प पण. तीच रेकॉर्ड उलटवली की बशी सुलटी, कडा वर, आता मधे कितीही वजन ठेवा, मधला भाग आधीच टेकलाय, काही होणार नाही. तिथे जुनी युक्ती आहे, नळाचा रबरी वायसर घ्यायचा, पातळ, मिलिमीटर-दीड मिलिमीटरचा, तो स्पिंडलवर रेकॉर्डच्या खाली घालायचा आणि वरून क्लॅम्प. वायसरमुळे मध्य उचलला जातो, क्लॅम्प त्याच्या बाहेरून लेबल दाबतो, आणि कडा खाली येतात. रविवार कारंजाजवळच्या हार्डवेअरच्या दुकानात पाच रुपयांना वायसर मिळाला. अठराशेच्या वजनाने जे झालं नाही ते पाच रुपयांच्या वायसरने झालं, हे बायकोला सांगितलेलं नाही.

काकांच्या त्या बशीवाल्यांपैकी भीमसेन जोशींची एक एलपी मी परत लावली, क्लॅम्प आणि वायसर घालून. तानपुरा बराच स्थिर. पूर्ण नाही, भोकच जरा मध्यावर नसेल तर कुठला क्लॅम्प काय करणार, ते डोलणं राहतंच, ३३⅓ ला दर १.८ सेकंदाला एक हेलकावा, मोजून बघा. द. वि. पलुस्करांची एक आहे, त्यांचा जन्म नाशिकचाच, १९२१ चा, म्हणून ती मुद्दाम लावतो, पण हे तपासायला ती घेऊ नका. ते १९५५ मधेच गेले, त्यांचं बरंचसं जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवरून उतरवलेलं असणार, डोलणं मुळातलं की तुमच्या रेकॉर्डचं हे कळायचं नाही.

अजून एक छोटा फायदा. नमद्याची मॅट असेल आणि फिरत्या रेकॉर्डवर कार्बन फायबरचा ब्रश धरला की रेकॉर्ड अडकते, प्लॅटर खालून फिरत राहतो. क्लॅम्प असला की रेकॉर्ड घसरत नाही, धूळ नीट निघते. थंडीत हवा कोरडी झाली की रेकॉर्ड उचलताना नमदा चिकटून वर येतो, त्यावर मात्र क्लॅम्पचा काही इलाज नाही.

तर आता सपाट रेकॉर्डवर मी काहीच ठेवत नाही. वाकड्यांवर क्लॅम्प, लागला तर वायसर. पितळेचं पाहुणे आले की बाहेर निघतं, एरवी त्याखाली लाइटबिलं. तरी कुणाला करूनच घ्यायचं असेल तर लेथवाल्याला सांगा: भोक ७.३ मिलिमीटर, सात नको, स्पिंडल सातच्या किंचित वर असतो. व्यास ८० च्या आत, लेबल १०० चं असतं, हेडशेलला, म्हणजे दांड्याच्या सुईवाल्या टोकाला, जागा राहिली पाहिजे. खालच्या बाजूला पातळ नमदा चिकटवा नाहीतर लेबल खरवडतं. आणि उंची आधी झाकण बंद करून मोजा, माझं पहिलं, ते काळं, झाकणाला टेकत होतं.