४ जीबीवर ८ जीबीची रॅम स्टिक टाकली, महिना वापरून लिहितोय

घरचा डेस्कटॉप ४ जीबी रॅमचा, विंडोज १०. पाच-सहा टॅब आणि एक्सेल उघडलं की हार्डडिस्कची लाइट जी पेटायची ती विझायचीच नाही, मला वाटलं हार्डडिस्कच गेली. कंट्रोल शिफ्ट एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडला तर मेमरी ९४ टक्के! रॅम भरली की विंडोज उरलेलं पेज फाइलमध्ये टाकतं, म्हणजे हार्डडिस्कवर, आणि रॅमपुढे हार्डडिस्क म्हणजे बैलगाडी.

आधी फुकटातला रॅम क्लीनर टाकला. बटण दाबलं, ९४ चे ५५ झाले, मी खुश, आणि मिनिटभराने ब्राऊझरवर क्लिक केलं तर ढिम्म, कारण त्याने वापरातलंच सामान उचलून हार्डडिस्कवर टाकलं होतं, ते परत आणताना मशीनचा जीव चालला. वर हा पठ्ठ्या स्वतः बॅकग्राउंडला मेमरी खातो ते वेगळंच. काढून टाकला.

मग ही डीडीआर४ (रॅमची पिढी) स्टिक घेतली. टास्क मॅनेजरमध्येच परफॉर्मन्स, मग मेमरी, तिथे स्पीड आणि किती स्लॉट भरलेत ते दिसतं, माझा २ पैकी १ भरलेला, म्हणजे जुनी काढायची भानगड नाही. जुनी २४०० स्पीडची, नवी २६६६ ची, दोन्ही २४०० वर चालतायत, काही बिघडत नाही. जुन्या डीडीआर३ चा मदरबोर्ड असेल तर मात्र ही बसणारच नाही, खाच वेगळ्या जागी असते. आणि विंडोज ३२ बिट असेल तर ४ जीबीच्या वरची रॅम वापरताच येत नाही, ते आधी बघा.

प्लग काढून स्टिक बसवली, चालू केलं तर स्क्रीन काळी आणि आतून बीप बीप बीप. पोटात गोळा. परत उघडलं तर एका टोकाची क्लिप अर्धवटच लागलेली. बोर्ड मोडेल म्हणून मी हळूच दाबत होतो ना, पण तिला बऱ्यापैकी जोर लागतो, दोन्हीकडे कट्ट झालं तेव्हा कुठे सुरू झालं. बॉक्समध्ये याबद्दल एक चिठोरं नाही, अर्धा स्टार तिथे गेला.

आता तेच टॅब, तेच एक्सेल, मेमरी ४५ टक्के आणि लाइट गप्प. चालू व्हायला मात्र अजून तेवढाच वेळ घेतो, पण तो दोष जुन्या हार्डडिस्कचा, त्याला एसएसडीच (चिपवाली वेगवान डिस्क) टाकायला हवी. साडेचार स्टार.