विकिपीडियाचं ‘चर्चा’ पान: भूगोल शिकवणाऱ्या एका बाईचा दोन वर्षांचा अनुभव

देवगड तालुक्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी एकोणीस वर्षं भूगोल शिकवते. विकिपीडिया आमची मुलं वापरतातच, त्यासाठी मी लिहायची गरज नाही. पण लेखाच्या डोक्यावर, नावाशेजारी, ‘चर्चा’ अशी एक कळ असते. तिच्यावर बोट ठेवणारी माणसं मला फारशी भेटली नाहीत. लेखात काय ठेवायचं, काय काढायचं, कुठला आकडा धरायचा, यावर बिनपगारी काम करणारी माणसं तिथे वाद घालतात आणि प्रत्येक मुद्द्याखाली सही करतात. हा अभिप्राय त्या पानाबद्दल आहे. त्यातही ‘भारत’ या लेखाच्या चर्चेबद्दल, कारण देशावरचा लेख सुधारणं म्हणजे काय असतं ते मला तिथेच कळलं.

सुरुवात किनारपट्टीपासून झाली. अकरावीच्या वर्गात मी महाराष्ट्राचा किनारा ७२० किलोमीटर सांगितला. आमच्या पिढीला तोच पाठ. एका मुलीने हात वर केला. तिच्या गाइडमध्ये ६५२ होतं आणि मोबाइलवरच्या बातमीत ८७७. ‘मॅडम, परीक्षेत कुठला लिहू?’ उत्तर माझ्याकडे नव्हतं. त्या गाइडमध्ये आकड्याखाली ना साल होतं, ना कुणी मोजलं त्याचं नाव. असलं पुस्तक मुलांना विकत घ्यायला लावणं मला मनापासून चुकीचं वाटतं.

त्या शनिवारी सहा जणांना घेऊन मी संगणक कक्षात बसले आणि मराठी विकिपीडियावर ‘भारत’चं चर्चा पान उघडलं. मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून, म्हणजे महाराष्ट्र दिनापासून, चालू आहे. त्याची भाषा फार छान जमवली आहे. सगळ्यांनी मिळून बोलायची जागा म्हणजे ‘चावडी’, सरावाला ‘धूळपाटी’, दुरुस्तीचं काम म्हणजे ‘संपादन’, देखरेख करणारे ‘प्रचालक’. धूळपाटी म्हटल्यावर मुलांना काही समजावून सांगावं लागलं नाही. सगळ्यांनी तिथेच आधी गिरवून घेतलं.

मग खरं काम. देशाच्या किनाऱ्याचे दोन आकडे समोर होते. जुना ७,५१६.६ किलोमीटर, जो सगळीकडे ७,५१७ असा लिहितात. नवा ११,०९८.८१, गृह मंत्रालयाच्या २०२३-२४ च्या वार्षिक अहवालातला. महाराष्ट्राचा ६५२.६ वरून ८७७.९७ झाला, गोव्याचा १०१ वरून १९३.९५, पश्चिम बंगालचा १५७.५ वरून थेट ७२१.०२. समुद्र तोच, जमीन तीच, आणि किनारा साडेतीन हजार किलोमीटरने वाढला. मुलं म्हणाली, आधीचं चुकलं असणार. एक जण म्हणाला, नवीनच फुगवलंय.

मी भिंतीवरचा महाराष्ट्राचा नकाशा खाली उतरवला आणि शिवणाचा दोरा ओला करून मुलांच्या हातात दिला. ओला दोरा कागदाला चिकटतो, वळण धरतो. सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर तो बसवून मोजला तर लांबी शंभर किलोमीटरच्या आत आली. मग जिल्ह्याचा मोठा नकाशा पसरला आणि तोच किनारा पुन्हा मोजला. या वेळी दोरा देवगडच्या खाडीत शिरला, विजयदुर्गाला वळसा घालून वाघोटण खाडीच्या तोंडाशी आत गेला, बाहेर आला, आणि सव्वाशेच्या पुढे गेला. सरकारी आकड्यांचंही हेच झालंय. जुनी मोजणी १९७० च्या दशकातली, १ : ४५,००,००० प्रमाणाच्या नकाशावरची. तिथे एक सेंटिमीटर म्हणजे पंचेचाळीस किलोमीटर, आणि आमची अख्खी खाडी एखाद्या मिलिमीटरात गडप. नवी मोजणी १ : २,५०,००० वर, म्हणजे एका सेंटिमीटरला अडीच किलोमीटर. जास्त बारकावे दाखवणाऱ्या नकाशात वळणं दिसतात आणि वळणं दिसली की लांबी वाढते. पुस्तकात हे मी दरवर्षी शिकवते, पण मुलांच्या डोळ्यांत ते पोचलेलं मी त्या दिवशी पाहिलं.

जेट्टीवर वडिलांना मदत करणारा एक मुलगा आहे आमच्यात. त्याने विचारलं, ‘मॅडम, खाडयेचो काठ धरूचो काय नाय? धरलो तर खंयपर्यंत?’

खरा प्रश्न हाच. भरतीचं पाणी खाडीत कितीतरी आत जातं, मग किनारा कुठे संपतो आणि नदीचा काठ कुठून सुरू होतो? मी त्याला म्हटलं, हे असंच्या असं लिही.

आता विकिपीडियाचा नियम. आपण स्वतः मोजलेलं लेखात चालत नाही. छापलेला, तपासता येईल असा आधार लागतो. मुलं हिरमुसली. ‘मग दोरा कशाला लावला?’ दोरा लावला नसता तर दोन्ही आकडे आपापल्या जागी खरे आहेत हे आम्हाला कळलंच नसतं, आणि वाद ‘जुना की नवा’ एवढ्यावरच अडला असता. तासभर बाचाबाची झाली. एका मुलीचं म्हणणं, नवा लिहा, जुना पुसा. दुसरीचं, जुन्या आकड्यावर आधारलेली शेकडो पुस्तकं लोकांच्या घरात आहेत, ती वाचणारा गोंधळेल. शेवटी दुसरीचं पटलं. नवा आकडा वर, जुना त्याच परिच्छेदात सालासकट, आणि फरक का पडला ते एका वाक्यात. ते वाक्य चार वेळा लिहिलं. पहिल्यात ‘अचूक मोजणी’ असा शब्द होता. तो काढला, कारण त्यातून जुने लोक चुकले असं निघत होतं. ‘अधिक मोठ्या प्रमाणाच्या नकाशावरून’ असं केलं; मोठं प्रमाण म्हणजे जास्त बारकावे. शब्द असा निवडून घ्यायची सवय निबंधाच्या वहीत लागत नाही, इथे लागते.

इंग्रजी विकिपीडियावरच्या भारताच्या लेखाची चर्चाही मी मुलांना दाखवते. तो लेख २००४ पासून तिथल्या निवडक दर्जाच्या लेखांत आहे आणि त्याला कुलूप आहे. नव्या माणसाला थेट हात लावता येत नाही. ‘अमुक वाक्याच्या जागी तमुक करा, हा आधार’ असं चर्चा पानावर लिहावं लागतं. सप्टेंबर २०२३ मध्ये जी-२० च्या मेजवानीच्या निमंत्रणावर ‘प्रेसिडेंट ऑफ भारत’ असं छापलं गेलं तेव्हा लेखाचं नावच बदलण्याच्या मागण्या तिथे आल्या. नाव ‘इंडिया’च राहिलं, कारण इंग्रजी वाचकाला जे नाव ओळखीचं तेच शीर्षक, हा तिथला नियम. मला स्वतःला भारत हेच नाव जिव्हाळ्याचं. तरी नियम सगळ्या देशांना सारखा लावतात म्हणून तो मला मान्य आहे.

मला सर्वात आवडते ती त्याच लेखातली शेजारी देशांची तळटीप. आमच्या पुस्तकात अफगाणिस्तान भारताचा शेजारी आहे. गृह मंत्रालयाच्या हिशेबात ती सीमा १०६ किलोमीटर आहे. पण तो भाग प्रत्यक्षात पाकिस्तानच्या ताब्यात. मग जगभरच्या वाचकासाठी लिहायचं काय? तिथे मूळ वाक्यात पाकिस्तान, चीन, नेपाळ, भूतान, बांगलादेश, म्यानमार ठेवले आणि खाली टीप दिली, की भारत सरकार सगळा काश्मीर आपला मानतं, म्हणून अफगाणिस्तानलाही शेजारी धरतं. एका ओळीत दोन्ही बाजूंचा मान राखला गेला. ही टीप मी फळ्यावर उतरवून देते.

लोकसंख्येचं थोडक्यात सांगते. शेवटची जनगणना २०११ ची, १२१ कोटींची. २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाने आपण १४२ कोटींवर जाऊन चीनला मागे टाकलं. पुढची मोजणी २०२७ ची. मोजलेला आकडा आणि अंदाज शेजारी लिहिले की प्रत्येकासमोर तसं नमूद करायचं, एवढं मुलांना पक्कं झालं.

कुणी वापरावं? भूगोल, नागरिकशास्त्र, इतिहास शिकवणाऱ्या प्रत्येकाने, आणि स्पर्धा परीक्षांचे वर्ग घेणाऱ्यांनी तर आधी. पैसे लागत नाहीत. लागतो तो वेळ. एका वाक्याला आमचा अख्खा शनिवार गेला. मराठीत माणसं इंग्रजीच्या मानाने फार थोडी आहेत, म्हणून उत्तराची वाट पाहायची तयारी ठेवावी, आणि जमलं तर आपणच दुसऱ्याच्या प्रश्नाला उत्तर द्यावं. मुलांना एकेकटं पाठवू नका, चौघांना एका संगणकापाशी बसवा, म्हणजे टाइप करण्याआधी भांडण तोंडी होऊन जातं. सही चार टिल्ड्यांची, म्हणजे ~~~~ या खुणांची, ती विसरू देऊ नका. स्वतःच्या नावाखाली लिहायचं म्हटल्यावर आमच्या मुलांनी संदर्भाचा पान क्रमांक दोनदा तपासला. वर्गातल्या चाचणीत ती असं कधी करत नाहीत.

खाडीचा प्रश्न त्या मुलाने प्रमाण मराठीत लिहिला, मग पुसून पुन्हा लिहिला आणि खाली सही केली. पुढच्या रविवारी त्याच्या वडिलांच्या होडीतून आम्ही वाघोटण खाडीत जाणार आहोत. भरतीचं खारं पाणी कुठवर चढतं ते बघायला. लेखात ते घालता येणार नाही हे सगळ्यांना माहीत आहे. तरी सहाही जण येणार आहेत.