जर्मन गाडी जुनी चांगली की नवी? ड्रायव्हरच्या सीटवरून

बीकेसीच्या पार्किंगमध्ये, लग्नाच्या हॉलबाहेर, पंपावर हवा भरताना, कुठेही उभा असलो तरी कोणीतरी येऊन विचारतंच, "काका, या जर्मन गाड्या आता पूर्वीसारख्या राहिल्या नाहीत ना?" विचारणारा बहुतेक वेळा सेकंडहँड घ्यायच्या बेतात असतो. नव्या क्रेटाच्या पैशात दहा वर्षांची लक्झरी सेडान दिसते, आत लाकूड, लेदर, वर सनरूफ, आणि माणसाचं डोकं फिरतं. सगळ्यांना उभ्याउभ्या सांगून दमलो, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

वाळकेश्वरच्या एका घरी मी नव्वदच्या दशकापासून ड्रायव्हर आहे. मोठे शेठ गेले, आता धाकटे शेठ मागे बसतात. गाड्या बदलत गेल्या, स्टिअरिंगवर मीच. माझी स्वतःची विचाराल तर डोंबिवलीला सोसायटीत वॅगनआर उभी असते, त्यामुळे कुठल्या कंपनीची बाजू घ्यायचं मला कारण नाही. मात्र ज्या गाडीने मला भर रस्त्यात उभं केलं तिच्या बोनेटवर कुठलं चिन्ह आहे ते लिहिणार नाही. अजून नोकरी करायचीय.

उत्तर आधीच देऊन टाकतो. इंजिन आणि गिअरबॉक्स वाईट झालेले नाहीत, उलट एका वाईट काळातून गेल्यावर पुन्हा सुधारलेत. घसरलंय ते त्यांच्या भोवतीचं सामान: प्लास्टिकच्या नळ्या, रबर, सेन्सर, कॉम्प्युटरचे डबे. आणि ही घसरण पहिल्या मालकाला बहुधा कळतच नाही. ती भोगतो दुसरा, नाहीतर तिसरा.

जुनी म्हणजे आमच्या लोकांत १२४, मर्सिडीजच्या ई क्लासचं जुनं मॉडेल. मर्सिडीजने १९९५ साली टेल्कोच्या, म्हणजे आताच्या टाटा मोटर्सच्या, पिंपरीच्या कारखान्यात गाड्या जोडायला सुरुवात केली ती हिच्यापासून, ई २२०. मोठ्या शेठनी घेतली तेव्हा बिल्डिंगमधली माणसं खाली उतरून बघायला आली होती. मला त्या गाडीत सगळ्यात काय आवडायचं सांगू? वायपर. एकच होता, पण साधा अर्धगोल फिरायचा नाही. कोपऱ्याकडे जाताना लांब व्हायचा, मध्यावर येताना आखडायचा, आणि जवळजवळ अख्खी काच पुसून काढायचा. जुलैच्या पावसात पेडर रोडवर बाकीचे चाचपडत चालवत असताना मला समोरचं लख्ख दिसायचं. स्टिअरिंगही असं वळायचं की आमच्या गल्लीत एवढी लांब गाडी मी एका दमात फिरवायचो. वॉचमन बघत राहायचा. एका वायपरसाठी एवढी यंत्रणा कोण करतं? ज्याला हिशेब विचारणारं कोणी नाही तो. त्या काळी तिथले इंजिनिअर आधी गाडी काढायचे, किंमत मागून ठरायची. मग १९८९ साली टोयोटाने अमेरिकेत लेक्सस आणली. तेवढीच शांत, तेवढीच मऊ आणि बरीच स्वस्त. त्यानंतर जर्मन कंपन्यांतही हिशेब उलटा सुरू झाला. आधी किंमत, मग गाडी.

पण जुन्याची आरती ओवाळणाऱ्यांनाही दोन शब्द ऐकवतो. त्याच १२४ च्या शेवटच्या वर्षांत, साधारण १९९२ ते ९५, इंजिनच्या वायरिंगला पर्यावरणाला बरं म्हणून कुजून नष्ट होणारं वेष्टण घातलं होतं. इंजिनच्या उष्णतेने ते वेळेआधीच गळून पडायचं, तारा उघड्या पडायच्या. जगभर लोकांनी ते वायरिंग बदलून घेतलं. दुसरं म्हणजे ती ग्रीसची टॅक्सी, १९७६ ची २४० डी, जी ४६ लाख किलोमीटर चालली आणि आता मर्सिडीजच्या म्युझियममध्ये आहे. व्हॉट्सॲपवर तिचा फोटो दरवर्षी येतो. फोटोखाली हे कधी नसतं की त्या टॅक्सीवाल्याने इंजिनं आलटूनपालटून बसवली होती. ती टिकली कारण ती उघडता यायची, आणि उघडणारा जीव लावून उघडायचा.

वाईट काळ म्हणाल तर तो १२४ नंतरचा, २०१२ च्या आसपासपर्यंत. १२४ च्या मागून आलेल्या २१० ला गंज चढायचा, हे जगजाहीर आहे; आपल्या खाऱ्या हवेत तर बोलायलाच नको. २००१ च्या बीएमडब्ल्यू सेव्हन सिरीजमध्ये एक गोल बटण आणि एक स्क्रीन आली, आणि एसीची हवा कमीजास्त करायला शेठलोक ड्रायव्हरला विचारू लागले. मर्सिडीजने ई क्लासला २००२ पासून ब्रेकचं पॅडल कॉम्प्युटरमार्फत चालवायची पद्धत बसवली. २००४ मध्ये त्यापायी सहा लाख ऐंशी हजार गाड्या परत बोलावल्या, २००५ मध्ये तेरा लाख. त्या तेरा लाखांत बॅटरीच्या आणि अल्टरनेटरच्याही तक्रारी होत्या. २००६ ला ई क्लासमधून ती पद्धत गेली, साधे ब्रेक परत आले. बीएमडब्ल्यूच्या दोन लिटरच्या एन४७ डिझेलची टायमिंग चेन इंजिनच्या मागे, गिअरबॉक्सच्या बाजूला. चेन वाजायला लागली की अख्खं इंजिन खाली घ्या. ऑडीची २.० टीएफएसआय पेट्रोल, २०१० च्या आसपासची, पिस्टन रिंगांमुळे इंजिन ऑइल पीत होती. म्हणजे कोणी एकच कंपनी सोवळी, असं काही नाही.

आता घरची गोष्ट. धाकट्या शेठची सेडान, चौदा सालची, डिझेल. चालवायला अजूनही अशी की पुण्याहून येताना घाट कधी उतरलो ते शेठना कळत नाही. तर ही गाडी मे महिन्यात दुपारी लालबागच्या पुलावर तापली. स्क्रीनवर लाल अक्षरं, 'इंजिन बंद करा'. मी बाजूला घेतली, शेठना टॅक्सी करून दिली, गाडी फ्लॅटबेडवर चढवली. सर्व्हिस सेंटरने सांगितलं, अख्खी असेंब्ली बदलावी लागेल, आणि आकडा लाखाच्या पुढचा. मी शेठना म्हटलं, एक दिवस द्या. कुर्ल्याला सीएसटी रोडच्या आत आमचे मेस्त्री आहेत, मूळचे दापोलीचे, हात सोन्याचा. त्यांनी पुढचं सगळं उतरवलं, इंजिन थंड ठेवणाऱ्या कूलंटच्या नळीचा एक बोटभर प्लास्टिकचा जोड बाहेर काढला आणि माझ्या हातावर ठेवून म्हणाले, "दाबा." दोन बोटांत धरून दाबला, तर खाकऱ्यासारखा मोडला. आतून तपकिरी, कडेला पांढरी पावडर. इंजिनला काही झालं नव्हतं.

"गाडी नाही बिघडली भाऊ, नळी बिघडली," मेस्त्री म्हणाले. "पण नळीसाठी सगळा संसार उतरवायला लागतो."

जोड काही फार महाग नव्हता. मजुरी मोठी, कारण तिथवर हात जातच नाही. १२४ चं बोनेट उघडलं की खाली जमीन दिसायची. या गाडीत पाना पडला तर तो जमिनीवर येतच नाही, मधेच कुठेतरी राहतो. मेस्त्रींनी शेजारच्या सगळ्या नळ्याही बदलायला लावल्या. एक गेली की बाकीच्या रांगेत असतात, असं ते म्हणतात, आणि त्यांचं खरं आहे. सगळ्यांनी उष्णता सारखीच खाल्लेली असते.

ती उष्णता कशी ते सेकंडहँडवाल्यांनी नीट समजून घ्या. मीटरवर साठ हजार किलोमीटर दिसले की लोक खूश होतात. मुंबईत सरासरी ताशी वीस धरली तर ते इंजिन तीन हजार तास चाललंय. तीच गाडी जर्मनीत ताशी ऐंशीने गेली असती तर साडेसातशे तास. शिवाय नरिमन पॉइंटला मीटिंग चालू असताना एसी लावून उभी ठेवलेली गाडी मीटरवर एक किलोमीटरही दाखवत नाही. बोनेटखालचं प्लास्टिक मात्र तेवढा वेळ भाजत असतं. सर्व्हिसची मुदत किलोमीटरवर मोजणारा कॉम्प्युटर आपल्या रस्त्यांसाठी बनलेला नाही. म्हणून मी शेठना न विचारता ऑइल अर्ध्या मुदतीत बदलून घेतो. अकाउंटंट कुरकुरतो, कुरकुरू दे.

मग या कंपन्या एवढ्या हुशार, तर नळी पितळेची का करत नाहीत? माझं मत सांगतो. जर्मनीत नव्या गाड्यांतल्या निम्म्याहून जास्त खाजगी माणसाच्या नाही, कंपन्यांच्या आणि डीलरच्या नावावर निघतात. कंपनीच्या साहेबाला मिळालेली गाडी तीनेक वर्षांत परत जाते. त्या साहेबाला काय हवं? मोठी स्क्रीन, कमी डिझेल, आणि वर्कशॉपमध्ये कमीत कमी फेऱ्या. ते सगळं त्याला मिळतं. विश्वासार्हतेच्या ज्या याद्या पेपरात येतात त्यांतही गंमत आहे. जे. डी. पॉवरची यादी तीन वर्षांच्या गाडीच्या पहिल्या मालकाला विचारून बनते, आणि तिथे अलीकडे सगळ्यात जास्त तक्रारी स्क्रीनच्या, फोन न जुळण्याच्या. कन्झ्युमर रिपोर्ट्सच्या २०२२ च्या अमेरिकी यादीत टोयोटा आणि लेक्ससच्या पाठोपाठ तिसरी बीएमडब्ल्यू होती. धाकट्या शेठनी ती बातमी मला मोबाइलवर दाखवली आणि म्हणाले, "बघा काका, तुम्ही उगाच नावं ठेवता." मी म्हटलं, "शेठ, ते नवीकोरी घेणाऱ्यांचं झालं. आपल्याकडे ती गाडी अकराव्या वर्षी कल्याणच्या कोणाकडे तरी असणार."

तरी नव्यांचं जे खरं ते खरं. बीएमडब्ल्यूचं बी५८ सहा सिलिंडरचं इंजिन २०१५ ला आलं आणि टोयोटाने स्वतःच्या सुप्रासाठी २०१९ ला तेच घेतलं. टोयोटावाले उगाच कोणाचं इंजिन उचलत नाहीत. आता बोनेटखालचं लोखंड चांगलं, पण २०२४ मध्ये कॉन्टिनेन्टलने बनवलेल्या ब्रेकच्या एका भागापायी बीएमडब्ल्यूच्या पंधरा लाख गाड्या पुन्हा अडकल्याच. गाडी कोणाची आणि सामान कोणाचं, असा हा कारभार आहे.

पावसाचं मुद्दाम सांगतो, कारण ते यूट्यूबवर कोणी सांगत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्या दिवशी मोठ्या शेठची १२४ कलिन्यात सीटपर्यंत बुडाली होती. गालिचे काढले, तेलं बदलली, आठवडाभर वाळवली, आणि ती पुन्हा चालू झाली. आज ते करून बघा. बऱ्याच जर्मन गाड्यांत कॉम्प्युटरचे डबे सीटखाली, पायाखालच्या गालिच्याखाली किंवा डिक्कीच्या खड्ड्यात असतात. किंग्ज सर्कलला घोटाभर पाणी आत आलं तरी त्या दिवशी काही होत नाही. गणपतीत कधीतरी काचा आपोआप खाली यायला लागतात, मग दिवाळीत गाडी किल्ली ओळखत नाही. म्हणून गाडी बघायला जाल तेव्हा नाक आत घाला. ओल्या गालिच्याचा वास परफ्यूमने जात नाही.

डिझेल घेणार असाल तर आणखी एक. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांना काजळी पकडणारा फिल्टर आहे आणि ती जाळायला गाडी जरा वेळ एका वेगात पळावी लागते. वाळकेश्वर ते फोर्ट ये-जा करून ती जळत नाही. दुसऱ्या घरच्या एका ड्रायव्हरला मी रविवारी सकाळी सहाला कोस्टल रोडवर रिकामी गाडी घेऊन फेऱ्या मारताना बघतो. टोल नाही, सिग्नल नाही, ताशी ऐंशीची परवानगी. त्याचे शेठ समजतात हा गाडी फिरवून मजा मारतो.

एवढं सांगूनही घ्यायचीच असेल तर सकाळी थंड इंजिन चालू करून पहिलं अर्धं मिनिट मागे-पुढे उभं राहून ऐका, चेनचा आवाज तेव्हाच येतो. स्टेपनी आहे का बघा. रन-फ्लॅट, म्हणजे पंक्चर झाले तरी थोडं अंतर चालणारे, टायर असतील तर आपल्या खड्ड्यांनी साइडवॉलला फुगा आलाय का हात फिरवून बघा. गिअरबॉक्सचं तेल कधी बदललं विचारा. 'ते लाइफटाइम असतं' असं उत्तर मिळेल. गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ कंपनी स्वतः ऐंशी हजार ते एक लाख वीस हजार किलोमीटरला बदला म्हणते, तेव्हा तो खर्च भावातून कापा. गाडीच्या किमतीशिवाय दोन-अडीच लाख बाजूला नसतील तर सरळ नवी क्रेटा घ्या, ती वाईट नाही. आणि मालकाशी बोलून झालं की त्यांच्या ड्रायव्हरला खाली टपरीवर चहा पाजा.

आमची गाडी दिवाळीनंतर विकायला निघणार आहे. कूलंटच्या नळ्या नव्या, गिअरबॉक्सचं तेल बदललेलं, पाण्यात कधी गेलेली नाही. मागचं डावं एअर सस्पेन्शन रात्रभर उभी राहिली की दोन बोटं खाली बसतं. शेठना हे माहीत नाही.