अडीच इंची इंटरकूलर पाइप: आठ महिन्यांनी शब्द मागे घेतोय, पण अर्धेच

गाडी दीड लिटर डिझेल, टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) कंपनीचाच, फक्त रिमॅप केलाय, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलून ताकद वाढवलीये. टर्बोतली गरम हवा इंटरकूलरमध्ये गार होऊन इंजिनात जाते, त्या वाटेवरचा ओरिजिनल रबरी पाइप 92,000 किमीला चिरला, सर्व्हिस सेंटरने एका पाइपचे 11,400 सांगितले, डोकंच फिरलं, म्हणून 9,500 ला अख्खा अ‍ॅल्युमिनियमचा किट मागवला. दोन इंची आणि अडीच इंची एकाच भावात होते. मी मेथीची जुडीपण चाचपून मोठीच उचलतो, तर इथे काय सोडतोय.

पहिले दोन महिने मी भेटेल त्याला सांगत होतो, अडीच इंची घेऊ नका, लॅग वाढतो, म्हणजे दाबल्यावर गाडी उशिरा उठते. 2,000 आरपीएमपर्यंत गाडी उठतच नव्हती, मागून काळा धूर, आणि दाबलं की सुईऽऽ असा आवाज, मला वाटायचं टर्बो काय मस्त गातोय.

मग चिपळूणहून येताना कुंभार्ली घाटात दुसऱ्या गिअरला फट्‌ झालं आणि गाडीचा जीवच गेला. बॉनेट उघडतो तर पाइप जोडणारा सिलिकॉनचा होज पाइपवरून निसटून लोंबतोय. बायको म्हणाली, "हाच का तुझा परफॉर्मन्स?" मुकाट्याने क्लिप आवळली आणि कसाबसा घरी आलो.

खरा शोध लागला पंक्चरवाल्याकडे. पीव्हीसी पाइपचं एक टोपण घेतलं, त्याला भोक पाडून टायरचा वॉल्व्ह बसवला, ते टर्बोच्या हवा ओढणाऱ्या तोंडाला आवळलं, इंजिनातली तेलकट वाफ बाहेर सोडणारी ब्रीदरची नळी बंद केली आणि 15 पीएसआय हवा सोडली. जॉइंटांवर साबणाचं पाणी मारलं तर सहापैकी चार जॉइंट फेसाळले, कपडे धुवायला काढल्यासारखे. म्हणजे टर्बो गात नव्हता, गळत होता!

आणि का गळत होता? पाइपच्या टोकाला बीडिंगच नाही! होज अडकायला जी उठलेली कड लागते ती, नुसता कापलेला गुळगुळीत पाइप, त्यात ब्रीदरमधून येणारं ऑइल आतून चोपडलेलं, आणि वरून खाचांच्या पट्टीची साधी पेचाची क्लिप. 9,500 घेता आणि एक कड उठवत नाही? विकणाऱ्याला फोन केला तर म्हणे "सर, टाइट करा ना". अहो किती टाइट करू, क्लिपेने होज कापला तरी पाइप सरकतोच. शेवटी वेल्डरकडून टोकांना टिग वेल्डिंगने बारीक कड मारून घेतली, 12 टी-बोल्ट क्लॅम्प (बोल्टने सगळीकडून सारखे आवळणारे) 180 प्रमाणे, जॉइंट डिझेलने नाही, ब्रेक क्लीनरने पुसले. लॅग जवळपास गायब.

तेव्हा कुठे कागद-पेन घेतलं (आधी घ्यायला हवं होतं, माहितीये). दोन मीटर पाइपमध्ये दोन इंचीत 4 लिटर हवा मावते, अडीच इंचीत सव्वासहा. हे इंजिन 1,500 आरपीएमला सेकंदाला 19 लिटरच्या आसपास हवा ओढतं, म्हणजे वाढीव जागा भरायला टिचकी वाजवण्याइतका वेळ. लॅगचं खापर मी साइजवर उगाच फोडलं. पण फायदापण शून्य हो! 4,000 आरपीएमला दोन इंचीतून हवा जाते ताशी 90 किमीच्या आसपास, आणि लोक पाइपातल्या हवेच्या वेगाची मर्यादा सांगतात ध्वनीच्या वेगाच्या 0.4 पट, म्हणजे ताशी पाचशेच्या जवळ. दोन इंचीलासुद्धा काम नाही आपल्या इंजिनात.

त्यात व्हर्नियरने मोजलं तर टर्बोचं तोंड 42 मिमी, इंटरकूलरचं 50. मध्ये 63 चा पाइप फुगवून हवेने करायचं काय? शिवाय फॅनच्या जाळीला घासून त्याला चकचकीत चट्टा पडला होता. म्हणून टर्बो ते इंटरकूलर दोन इंची करून घेतला, पुढचा अडीचच ठेवलाय. चालवताना फरक? काडीचा नाही. घासायचा आवाज गेला एवढंच.

कोणी घेणार असाल तर साइज नंतर विचारा, आधी टोकावरून बोट फिरवून कड आहे का बघा. काढलेला तुकडा माळ्यावर आहे, भंगारवाला किलोवर घेतो म्हणतो, मला देववत नाही.