इंदूर की अहमदाबाद? चार दिवस निवांत खायचं-फिरायचं असेल तर

डिसेंबर जवळ आला की घरच्या ग्रुपवर आणि ऑफिसात हा प्रश्न ठरलेला असतो. तीन-चार दिवस मोकळे आहेत, समुद्र नको, हिल स्टेशन नको, एका शहरात सामान टाकायचं, चांगलंचुंगलं खायचं आणि जमेल तेवढं बघायचं, मग इंदूर करू की अहमदाबाद? मी दोन्हीकडे राहून आलोय आणि दोन्ही वेळी आई-बाबा बरोबर होते, बाबांचे गुडघे फारसे साथ देत नाहीत, त्यामुळे खाली जे लिहितोय ते याच नजरेतून आहे हे धरून चाला. पंचविशीतल्या मित्रांचा ग्रुप असेल तर तुमचं उत्तर माझ्यापेक्षा वेगळं येऊ शकतं आणि त्यात काही चूक नाही.

ही दोन नावं कायम जोडीनंच का येतात तेही उघड आहे. दोन्हीकडे सोनारांच्या दुकानांचा बाजार आहे आणि दुकानांची शटरं खाली आली की तिथेच रात्रीची खाऊगल्ली भरते. इंदूरचा सराफा आणि अहमदाबादचा माणेक चौक. मुंबई-पुण्याहून दोन्हीकडे रेल्वेनं सहज जाता येतं, मुंबईहून इंदूरला अवंतिका एक्सप्रेसनं रात्रभर झोपून सकाळी उतरता, अहमदाबादला वंदे भारत किंवा शताब्दी आहे, नाहीतर रात्रीची गुजरात मेल. म्हणजे पोचण्याच्या बाबतीत फार डोकं चालवायची गरज नाही.

आधी खाण्याचं बोलू, कारण इथे माझ्या मनात अजिबात शंका नाही. नुसत्या चरण्याच्या हिशोबानं बघितलं तर इंदूर पुढे आहे. सराफ्यात रात्री नऊनंतर जी गर्दी आणि जो वास असतो ना, गराडू तळल्याचा, मोठ्या परातीत भुट्ट्याचा किस परतला जातोय त्याचा, तुपातल्या मालपुव्यांचा, तसं दुसरीकडे कुठे मी तरी अनुभवलेलं नाही. गराडू हा कंद हिवाळ्यातच मिळतो, तळून वर मसाला आणि लिंबू, बाहेरून कुरकुरीत आणि आत मऊ. त्याच्यासाठी थंडीतच जा. जोशींचा दहीवडा लोक द्रोण हवेत उडवताना बघायला जातात पण तो खायलाही तितकाच चांगला आहे. आणि साबुदाणा खिचडी! आपली दाण्याचं कूट, जिरं, तूप घालून परतलेली असते, तिथली मात्र वाफेवर ठेवलेली असते आणि मागाल तशी मसाला, फराळी चिवडा, लिंबू घालून समोर कालवून देतात. आईनं पहिल्या घासाला तोंड वाकडं केलं होतं आणि दुसऱ्या दिवशी स्वतःहून मागितली.

सकाळी पोहे-जिलेबी. पोहे वाफेवर गरम राहिलेले, वर शेव, कांदा आणि तो जीरावन मसाला. आपल्या कांदेपोह्यांशी तुलना करत बसू नका, तो वेगळा पदार्थ म्हणूनच खा. संध्याकाळी छप्पन दुकान आहे, म्हणजे खाण्याच्या दुकानांची एक लांब ओळ, तिथे आता गाड्या आत येत नाहीत त्यामुळे आई-बाबांना घेऊन आरामात फिरता येतं, बसायलाही जागा आहे. आणि स्वच्छता, ती खरंच जाणवते. २०१७ पासून स्वच्छ सर्वेक्षणात इंदूर वर्षानुवर्षं पहिलं आलंय ते उगाच नाही, रात्री एक वाजताही सराफ्यात पायाखाली द्रोण तुडवावे लागत नाहीत.

माणेक चौक याच्यासमोर थोडा कमी पडतो असं मला वाटतं. घुघरा सँडविच, पायनॅपल सँडविच, ग्वालिया डोसा, सगळ्यावर बटर आणि चीजचा एवढा थर की दोन पदार्थांनंतर सगळं एकाच चवीचं लागायला लागतं. कुल्फी मात्र उत्तम. मुलांना आवडेल, मोठ्यांना एक रात्र पुरे.

पण अहमदाबादचं खाणं दिवसाचं आहे आणि मला ते उशिरा कळलं. सकाळी गांधी रोडला चंद्रविलासचा फाफडा-जिलेबी, बरोबर कढी आणि पपईचा संभारो. मधल्या वेळेला खमण, सेव खमणी, हांडवो. दुपारी थाळी, आणि थाळी म्हणजे तिथे सावकाश दीड तास बसायचं काम आहे, सिदी सैयद मशिदीसमोर हाउस ऑफ एमजी हॉटेलच्या गच्चीवर अगाशिये नावाचं रेस्टॉरंट आहे तिथे जमलं तर नक्की बसा. थोडी महाग आहे पण हिवाळ्यात उंधियू, बाजरीचा रोटला आणि पांढरं लोणी पानात आलं की पैशांचं काही वाटत नाही. लोक म्हणतात गुजराती डाळ गोड असते, असते, पण ज्यांच्या घरी आमटीत गूळ पडतो त्यांनी हे कारण सांगू नये. मांसाहारी मंडळींसाठी तीन दरवाजाजवळ भटियार गल्ली आहे. आणि लाल दरवाजाचं लकी रेस्टॉरंट, जिथे टेबलांच्या मधे जुन्या कबरी आहेत, त्यांच्याभोवती कठडे घातलेत आणि शेजारी लोक चहा आणि मस्का बन खात बसलेत. भिंतीवर चित्रकार एम. एफ. हुसेन यांचं चित्र आहे. तिथे आम्ही रोज संध्याकाळी जायला लागलो.

आता ज्या एका गोष्टीनं माझा निकाल लागला ती सांगतो, आणि ती कुठल्याच यादीत सापडत नाही. इंदूरला खायचं ते शहरात आहे आणि बघायचं ते शहराबाहेर.

शहरात काहीच नाही असं म्हणत नाही मी. राजवाडा आहे, सात मजली, खाली दगड आणि वर लाकूड, १९८४ च्या दंगलीत जळला होता आणि नंतर पुन्हा उभा केला. कृष्णपुऱ्याच्या छत्र्या आहेत, त्या संध्याकाळी खूप सुंदर दिसतात. शेठ हुकुमचंदांनी बांधलेलं काचमंदिर, लालबाग पॅलेस, खजराना गणपती. पण हे सगळं दीड दिवसात होतं. मग हॉटेलवाला, रिक्षावाला, नातेवाईक, सगळे एकच सांगतात की मांडू बघितलं का, महेश्वर केलं का, उज्जैनला दर्शन घेतलं का. आणि बरोबरच आहे त्यांचं, एवढ्या लांब येऊन ते सोडायचं कसं? उज्जैन पंचावन्न किलोमीटर, ओंकारेश्वर पाऊणशेच्या पुढे, महेश्वर आणि मांडू दोन्ही नव्वद-शंभरच्या घरात. म्हणजे प्रत्येक ठिकाण म्हणजे एक अख्खा दिवस आणि एक कॅब.

आमचा मांडूचा दिवस घ्या. जागा अशी की शब्द नाहीत. दोन तलावांच्या मधे उभा जहाज महाल, हिंडोला महालाच्या त्या तिरक्या भिंती, होशंगशहाची संगमरवरी कबर, रस्त्याकडेला बाओबाबची जाडजूड झाडं आणि त्यांची खुरासानी चिंच विकणाऱ्या बायका, जेवायला डाळ-पानिये, म्हणजे डाळीबरोबर पानात भाजलेल्या मक्याच्या जाड भाकऱ्या. आणि सगळ्यात शेवटी रूपमती मंडप, जिथून खाली निमाडचं मैदान पसरलेलं दिसतं आणि हवा स्वच्छ असेल तर लांब नर्मदेची रेघ. तिथे सूर्यास्तापर्यंत बसायचं एवढंच तर करायचं होतं. पण साडेचारपासून ड्रायव्हरचे फोन सुरू झाले, अंधारात घाट नको, परत जाऊन दुसरं भाडं आहे, वगैरे. त्याचंही पोट आहे, मी त्याला दोष देत नाही. आम्ही उठलो. परत हॉटेलवर यायला साडेआठ झाले, बाबांचे पाय आखडलेले, आई म्हणाली मला आता फक्त वरण-भात हवा. म्हणजे ज्या सराफ्यासाठी इंदूर निवडलं तो त्या रात्री बुडाला. दुसऱ्या दिवशी हट्टानं गेलो, एक वाजता झोपलो, सकाळी उठून पोहे खायला गेलो तर आदल्या रात्रीचंच पोटात जड, आणि नऊला पुन्हा महेश्वरची गाडी खाली उभी. म्हणजे सुट्टीवर असूनही रोज कुणाच्या तरी घड्याळावर चालत होतो. निवांत हा शब्द ज्या ट्रिपला लावायचा तिथे मला हे जड गेलं, इतरांना कदाचित चालत असेल.

अहमदाबादला हे होत नाही. तिथे जे खायचं आणि जे बघायचं ते एकमेकांच्या अंगाला लागून आहे. महापालिकेचा हेरिटेज वॉक सकाळी आठला काळूपूरच्या स्वामीनारायण मंदिरापासून निघतो, १९९७ पासून चालू आहे, पोळांमधून, म्हणजे जुन्या शहरातल्या दाट वस्तीच्या गल्ल्यांमधून, कवी दलपतरामांच्या चौकातून, लाकडी नक्षीच्या हवेल्या आणि पक्ष्यांसाठी उभारलेले चबुतरे बघत दोन-अडीच तासांत जामा मशिदीला संपतो. चाल हळू असते, मधे मधे थांबतात, बाबांनी पूर्ण केला. मशीद १४२४ ची, शहर वसल्यानंतर तेरा वर्षांनी झालेली, आत दोनशे साठ खांब, आणि अकरा वाजताही आत गारवा. बाहेर पडलं की राणीनो हजिरो, म्हणजे राण्यांच्या कबरी, तिथली चणिया-चोळीची दुकानं, आणि लगेच माणेक चौक. सव्वाअकराला तुम्ही फाफडा खात असता, साडेबाराला हॉटेलवर, दुपारी झोप, चारला उठून पुन्हा खाली. मावळतीची उन्हं सिदी सैयदच्या जाळीतून आत येतात ती वेळ साधायची, १५७३ सालची ती दगडातली झाडाची जाळी फोटोत हजारदा बघितली असली तरी आत बसून बघणं निराळं. तिथून भद्र किल्ला, भद्रकालीचं दर्शन, तीन दरवाजा आणि लकीचा चहा. या सगळ्यात गाडी कुठेच लागली नाही. कंटाळा आला तर उठून रूमवर जाता येतं, ही सोय किती मोठी आहे ते ज्येष्ठ मंडळी बरोबर असल्याशिवाय कळत नाही.

लांब जायचंच तर अडालजची वाव, म्हणजे पायऱ्यांची विहीर आहे, १४९९ ची, पण ती अठरा-वीस किलोमीटरवर, सकाळी जाऊन जेवायला परत. सरखेज रोजा, म्हणजे जुन्या कबरी आणि मशिदीचा परिसर, त्याहून जवळ. साबरमती आश्रमाला अर्धा दिवस द्या, घाई करू नका. आणि पालडीकडचा कोचरब आश्रम फार कमी लोक बघतात, गांधीजींचा १९१५ चा पहिला आश्रम, विनोबा १९१६ मध्ये गांधीजींना पहिल्यांदा भेटले ते इथेच. मला तिथे शांत वाटलं, साबरमतीपेक्षाही थोडं जास्त.

अहमदाबादचे त्रास नाहीत असं नाही. जुन्या शहरात स्कूटर अक्षरशः कोपराला घासून जातात, हॉर्न थांबत नाहीत, फूटपाथवर दुकानं मांडलेली असतात, गांधी रोड ओलांडताना आईचा हात मी सोडला नाही. इंदूरच्या स्वच्छतेची सवय झाली असेल तर पोळांमधले काही कोपरे खटकतील. कॅलिको म्युझियम बघायचं तर आधीपासून बुकिंग करावं लागतं, बुधवारी बंद आणि फोटो नाहीत, पण जुन्या कापडात रस असेल तर त्यासाठी दिवस फिरवा. १४ जानेवारीच्या आसपास उत्तरायण, म्हणजे पतंगांचा सण, बघायला मजा आहे पण खोल्या मिळत नाहीत आणि मिळाल्या तर भाव वेगळे. मार्चनंतर मात्र जाऊच नका, ऊन सोसवत नाही.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, की मराठी माणसाला इंदूर जवळचं वाटतं. राजवाड्याजवळ दुकानदार आपलं बोलणं ऐकून सरळ मराठीत बोलायला लागतो, विमानतळाला अहिल्यादेवींचं नाव आहे, जिकडेतिकडे होळकरांच्या खुणा आहेत. अहमदाबादलाही मराठ्यांचा इतिहास आहे, अठराव्या शतकाच्या मध्यापासून १८१७ पर्यंत पेशवे आणि गायकवाड यांचा तिथे अंमल होता, रायखडला गायकवाड हवेली आहे, पण ते शोधावं लागतं, आपोआप समोर येत नाही. बाबांना विचाराल तर ते या एकाच कारणासाठी इंदूरच म्हणतील.

तर ज्यांना रात्री जागून खायला आवडतं, झोप कमी झाली तरी चालते, किंवा ज्यांना उज्जैन-ओंकारेश्वरचं दर्शन करायचंच आहे, त्यांनी इंदूरला जावं. फक्त एक करा, सगळे मुक्काम इंदूरला ठेवू नका. एक रात्र महेश्वरला काढा, संध्याकाळी घाटावर बसा, सकाळी किल्ल्यातला अहिल्यादेवींचा वाडा बघा, विणकरांकडे माहेश्वरी साड्या बघा आणि मांडू तिथूनच करा, तिथून ते इंदूरपेक्षा बरंच जवळ पडतं. सराफ्यासाठी शेवटच्या दोन रात्री राखून ठेवा, त्या दिवशी दुसरं काही ठरवू नका.

आणि घरातली मोठी माणसं बरोबर असतील, दुपारी पडायची सवय असेल, तर माझं मत अहमदाबादला. खोली घेताना एसजी हायवेची चकचकीत हॉटेलं स्वस्त दिसली तरी मोहात पडू नका, तिथून रोज शहरात यायचं म्हणजे पुन्हा तेच गाडीचं झंझट मागे लागतं. लाल दरवाजा, भद्र किंवा फार तर नदीपलीकडे एलिसब्रिजच्या आसपास घ्या, आणि खोली रस्त्याच्या बाजूची नको, मागची द्या म्हणून आधीच फोन करून सांगा.